खिडकीतला फोन आणि रेडिओसाहेब

आमच्या घराच्या रस्त्याकडच्या खिडकीत जवळजवळ तीन वर्षं दुसऱ्याचा फोन राहायला होता. राहायला होता असंच म्हटलं पाहिजे. त्याला त्याची जागा होती, त्याचा चार्जर होता, आणि माझी बायको मंगल पुसायला आली की त्याला दोन बोटांनी उचलून, खालची धूळ टिपून, पुन्हा त्याच कोनात ठेवी. एवढी काळजी तिने माझ्या चष्म्याची कधी घेतलेली नाही. फोन होता होडेकरचाचांचा. चाचा आमच्यापासून तीन गल्ल्यांवर, मांडवीच्या अगदी समुद्राकडच्या ओळीत राहायचे. स्वतःचा फोन माणूस तीन गल्ल्या पलीकडच्या घरात का ठेवील, हे सांगायचं तर चाचांबद्दलच सांगावं लागेल.

इस्माईल होडेकर सत्तावीस वर्षं मालवाहू जहाजांवर रेडिओ ऑफिसर होते. जहाजाचं जगाशी जे काही बोलणं व्हायचं ते त्यांच्या बोटांतून आणि कानांतून, कट्ट-कड-कट्ट अशा भाषेत. पुढे आकाशात उपग्रह आले, जहाजं आपली आपण बोलू लागली, आणि ती नोकरीच जगातून गेली. मग चाचा एक बॅग, एक जाडजूड हेडफोन आणि भिंतीवरचं एक घड्याळ घेऊन रत्नागिरीला परत आले. मांडवीत सगळे त्यांना रेडिओसाहेब म्हणत. माझे वडील त्यांना भाई म्हणायचे, म्हणून मी चाचा म्हणायला लागलो.

उंच, सडपातळ, आणि चालताना किंचित डावीकडे कललेले. डावा कान सतत थोडा पुढे असायचा. तुम्ही बोलत असताना ते तुमच्याकडे बघत नसत. डोळे अर्धे मिटून खिडकीबाहेर पाण्याकडे तोंड करून बसत, आणि तुमचं संपलं की एकच शब्द म्हणत, "मिळालं." पहिल्यांदा मला हे फार लागलं होतं. मी पाच मिनिटं ओतलं आणि समोरून नुसती पोच. पण पुढे लक्षात आलं की माझं बोलणं घरात कोणाला मिळत नाही, कचेरीत तर कोणी घेतच नाही. तेव्हा ही पोच काही वाईट नव्हती.

ते घड्याळ पाहिल्याशिवाय चाचा कळत नाहीत. जहाजाच्या रेडिओखोलीतलं पितळी गोल घड्याळ. त्याच्या तबकडीवर सव्वापासून पुढची तीन मिनिटं आणि पाऊणपासून पुढची तीन मिनिटं अशा दोन लाल फोडी रंगवलेल्या. जगातल्या सगळ्या समुद्रांवर म्हणे दर तासाला या दोन फोडींमध्ये सगळ्या जहाजांनी गप्प व्हायचं. कोणी काही पाठवायचं नाही, फक्त ऐकायचं. लांब कुठे एखादं जहाज बुडत असेल, त्याची बॅटरी संपत आली असेल, तर त्याची बारीक हाक गोंगाटात हरवू नये म्हणून.

चाचांनी घरीही ते पाळलं. एकदा मी माझ्या हुकलेल्या बढतीचं रडगाणं सांगत होतो. नेमकं साहेबाचं नाव घेतलं आणि चाचांनी हात वर केला. मला वाटलं, यांना काहीतरी होतंय. पण ते ऐकत होते. मग मीही गप्प झालो. ओहोटीचं पाणी मागे सरकताना बारीक खडे ओढून नेत होतं, माडाची झापं एकमेकांना घासत होती, लांब एका लाँचचं इंजिन धुक्यातल्यासारखं येत-जात होतं. दुपार इतकी मोठी असते हे मला तोवर ठाऊक नव्हतं. तीन मिनिटं झाली, चाचा म्हणाले, "हं, पुढे?" तर पुढे काही आठवेना. माझी बढती त्या लाल फोडीत कुठेतरी पाण्यात पडली ती पडलीच.

मी विचारलं होतं, आता कोण हाक मारणार चाचा? म्हणाले, "कोणी नाय. पण ऐकायची वेळ ती ऐकायची वेळ."

असा माणूस हातात कुठला फोन धरील? त्यांनी परदेशातून, एका जुन्या जहाजमित्राकरवी, लिनक्सवर, म्हणजे कुठल्याच कंपनीच्या मालकीच्या नसलेल्या यंत्रणेवर, चालणारा फोन मागवला होता. विटकरीएवढा जाड. त्याचं मागचं झाकण नखाने उघडायचं, आत ओळीने तांदळाएवढे खटके. हा माईकचा, हा कॅमेऱ्याचा, हा सिमचा. खटका पाडला की ती गोष्ट खरोखरीची बंद. चाचा ते झाकण उघडून पाहुण्यांना असे दाखवत, जसे आमचे लोक आंब्याची पेटी उघडून दाखवतात. बाकी त्या फोनचे हाल विचारू नका. दुपारपर्यंत बॅटरी संपे. खिशात ठेवला की पोळे. कोणाचा फोन आला तर तो आधी जागा व्हायचा, मग डोळे चोळायचा, मग वाजायचा. तोवर समोरचा कंटाळून ठेवून द्यायचा. चाचांची त्याबद्दल तक्रार नव्हती. जहाजावर एका उत्तराला दोन दोन दिवस लागायचे, त्या मानाने हा फारच चपळ.

आणि अख्खं गाव ज्या हिरव्या ॲपवर बोलतं, ते या फोनवर चालत नसे. चाचा त्याचं नावही घेत नसत. नुसतं "हिरवं" म्हणायचे.

आमच्या घरात तेव्हा माणसं चार आणि हिरव्याचे ग्रुप अकरा. त्यातल्या तीन ग्रुपांत मी माझ्याच बायकोला सुप्रभात म्हणायचो. तेव्हा मी हिरव्याचा वकील होऊन चाचांशी वाद घातला. म्हटलं, त्यातला मजकूर कुलूपबंद असतो, मधल्या कोणाला वाचता येत नाही, असं ते स्वतःच सांगतात.

चाचांनी माझं सगळं ऐकून घेतलं, पोच दिली, आणि म्हणाले, "बंद पाकिटात हाय, कबूल. पण सदा, पाकिटावर काय काय असतं? कोणी, कोणाला, किती वाजता, किती वेळा. जहाजावर मी नुसत्या पाकिटावरून सांगायचो, कोणाच्या घरी लग्न ठरतंय आणि कोणाची बायको माहेरी गेलीय. आत बघायची गरज नाय पडत."

मी सरकारी कचेरीत आवक-जावक टेबलावर बसतो. पाकिटं हाच माझा धंदा. तरी हे मला कधी सुचलं नव्हतं, यात चाचांचा दोष नाही.

हिरव्याविना राहायचं म्हणजे मांडवीत जवळजवळ न राहण्यासारखं होतं. पाणी कधी येणार, मय्यत कोणाची, सभा कुठे, सगळं तिथेच. एकदा मोहल्ल्यातल्या एका लग्नाचा हॉल आदल्या दिवशी बदलला आणि निरोप अर्थातच ग्रुपवर गेला. चाचा इस्त्रीचा शर्ट घालून, खिशाला पेन्सिल लावून, जुन्या हॉलवर वेळेवर हजर. तिथे दुसऱ्याच कोणाचा निकाह होता. चाचा बसले, दुआ दिली, जेवले, नवऱ्यामुलाला अत्तराची कुपी दिली आणि परत आले. दुसऱ्या दिवशी खऱ्या लग्नवाल्यांनी विचारलं, का आला नाहीत? म्हणाले, आलो होतो की, तुम्ही दिसला नाहीत. वर मला सांगितलं की बिर्याणी उत्तम होती आणि त्या मुलाला आपली दुआ जास्त लागेल, कारण ती अनोळखी माणसाची आहे.

चाची होत्या तोवर हे सगळं चालून गेलं. बाहेरच्या बातम्या त्या आणायच्या. त्या गेल्या, आणि कुवेतला असलेली त्यांची एकुलती मुलगी नसीम अडून बसली. अब्बा, हिबा आता दिवसभर बोलत असते, तिचा आवाज तुम्हाला कसा पाठवू? हिबा म्हणजे नात. तेव्हा ती चार वर्षांची होती.

नातीच्या आवाजापुढे चाचा हरले, पण पूर्ण हरले नाहीत. दीड महिना ते एका छोट्या कॉम्प्युटरपुढे काळ्या पडद्यावर पांढऱ्या ओळी लिहीत बसले आणि त्यांनी एक पूल बांधला. पूल हा त्यांचाच शब्द. हिरव्यावर आलेला निरोप या पुलावरून चालत त्यांच्या लिनक्सच्या फोनवर यायचा, त्यांचं उत्तर त्याच वाटेने जायचं. व्हिडिओ नाही, बोलणं नाही. मजकूर, फोटो आणि आवाजाच्या चिठ्ठ्या, एवढंच. मात्र पुलाचं पलीकडचं टोक टेकवायला एक साधा फोन लागे, ज्यावर हिरवं खरोखर बसवलेलं असेल. आणि तो फोन दोन आठवड्यांत एकदा तरी उघडला नाही तर हिरवं आपणहून पूल तोडून टाकी.

असा एक जुना फोन चाचांनी घेतला. नंबर घातला फक्त नसीमचा. आणि तो घेऊन आमच्याकडे आले. स्वतःच्या घरात त्यांना तो नको होता. मी विचारलं, आमच्याच घरात का?

"तुझ्या घरात ऐकण्यासारखं काय हाय?" चाचा अगदी प्रेमाने म्हणाले.

मंगलला याचा राग आला. पुढचे दोन दिवस आम्ही खिडकीपाशी दबक्या आवाजात बोललो. तिसऱ्या दिवशी कुळथाच्या पिठल्यात कोकम किती, यावरून नेहमीच्या पट्टीत भांडण सुरू झालं, आणि चाचांचं बरोबर होतं हे सिद्ध झालं.

पण ठेवून घेण्याआधी त्यांनी मला शपथ घ्यायला लावली. जहाजावर रुजू होताना रेडिओ ऑफिसरला सही करावी लागायची म्हणे, तीच. त्यांनी सांगितली, मी फुलस्केपवर लिहिली. या यंत्रावर आलेला मजकूर मी वाचणार नाही, चुकून दिसल्यास कोणास सांगणार नाही, त्याचा उपयोग करून घेणार नाही, असा मजकूर आला होता हेदेखील सांगणार नाही. खाली सही, सदानंद. मंगलला विचारलं तर ती सरळ म्हणाली, "मी नाही सही करणार. मला जमायचं नाही." चाचांना तिचं फार कौतुक वाटलं. चाळीस माणसांच्या जहाजावर एवढी खरी माणसं दोनच भेटली होती म्हणाले.

मी हसत होतो. शपथबिपथ काय चाचा, तुमच्या नातीच्या चिठ्ठ्या. तेव्हा त्यांनी ती गोष्ट सांगितली. पुन्हा कधी सांगितली नाही.

त्यांच्या जहाजावरचा स्वयंपाकी जैतापूरकडचा होता. दोघे एका भाषेतले, तेव्हा जेवण बरोबरच. एके दिवशी भर समुद्रात चाचांच्या हेडफोनमध्ये त्या स्वयंपाक्याच्या नावाने तार आली, आई गेली. चाचांनी ती लिहून नियमाप्रमाणे कॅप्टनकडे दिली. कॅप्टनने विचार केला, बंदर सहा दिवसांवर आहे, इथून हा करणार काय, तोवर नको सांगू. चाचांनी हुकूम पाळला. सहा दिवस त्याच्या हातची भाकरी खाल्ली. तो रोज आईच्या गोष्टी सांगायचा, परत गेलो की म्हातारीला मुंबईला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेणार म्हणायचा, आणि चाचा ताटाकडे बघून जेवायचे. बंदर आल्यावर तार त्याच्या हातात पडली. तिच्यावर तारीख आणि वेळ चाचांच्याच अक्षरात होती. त्याने ती वाचली, चाचांकडे पाहिलं, आणि पुढची सात महिन्यांची सफर त्यांना वाढलं सगळं, बोलला काही नाही.

"मध्ये बसतो ना सदा, त्याला सगळं कळतं," चाचा म्हणाले. "आणि मग तो माणसाच्या तोंडाकडे बघायचं सोडतो. म्हणून मला मध्ये कोणी नको. आणि बसावंच लागलं, तर ज्याचं त्याला ताबडतोब."

रविवारी चहा झाला की फोन उघडायचा, बंद करायचा, हे माझं काम. उघडायचा म्हणजे नुसता पडदा जागा करायचा, आत शिरायचं नाही. तीन वर्षं मी ते इमानाने केलं. आवक-जावकच्या माणसाला न वाचण्याची सवय असते. आमच्याकडे येणारी पत्रं वाचण्यासारखी नसतात म्हणून ती लागते, हा भाग वेगळा.

त्या काळात चाचांकडे दुपारी गेलं की ते हेडफोन लावून बसलेले असत. तो जाडजूड जुना हेडफोन त्यांनी कुठल्याशा तारेने त्या विटकरीला जोडला होता. डोळे मिटलेले, समोर वही, हातात पेन्सिल. समुद्रावरून ऊन परतून छतावर हलत असायचं आणि त्या हलत्या उजेडात चाचा खोलीत आहेत की भूमध्य समुद्रात, हे सांगता येत नसे. मला वाटायचं, ते अजून कुठल्यातरी जहाजाची वाट बघताहेत. ते हिबा ऐकत असायचे. वहीत तारीख, वेळ आणि तिचे शब्द जसेच्या तसे. नाना, माझा दात पडला. नाना, इथे आज खूप वारा आहे, वाळूचा, शाळा नाही. नाना, तुमच्याकडे समुद्र अजून आहे का? त्या एका प्रश्नावर चाचांनी दोन दिवस उत्तर शोधलं. शेवटी पहाटे पायरीवर बसून भरतीचा आवाज अर्धा मिनिट रेकॉर्ड केला आणि पुलावरून पाठवला.

असे दिवस गेले असते. पण नाटे गावी, मंगलच्या माहेरी, माझी सासू अंगणात पडली आणि तिचं खुब्याचं हाड मोडलं. आम्ही घाईने निघालो. घर बंद करताना मेन स्विच खाली ओढायचा, हा मंगलचा नियम आमच्या लग्नाइतका जुना आहे. मी तो ओढलेला पाहिला. खिडकीतल्या फोनकडेही पाहिलं. म्हटलं, आठ दिवसांत येऊच. आठाचे वीस झाले. सासूबाईंचं ऑपरेशन, औषधं, रात्रीची जागरणं यात तो फोन मला एकदाही आठवला नाही, असं लिहिलं तर ते खोटं होईल. दोनदा आठवला. दोन्हीदा वाटलं, होईल काय त्याला, जाऊन बघू.

पूल तुटला की आवाज होत नाही. नुसती शांतता होते, आणि शांततेची चाचांना सवय होती. नसीम कामात असली की आठ-दहा दिवस तशीही लिहीत नसे.

आम्ही परत आलो तो बुधवार. मंगलने मेन स्विच वर केला, पंखे फिरायला लागले, आणि थोड्या वेळाने खिडकीतला फोन जिवंत होऊन थरथरला. मी हातात घेतला. पडद्यावर नसीमचं नाव होतं आणि खाली एक ओळ, "अब्बा, हे फोनवर बोलता येणार नाही म्हणून..." पुढे तीन टिंबं.

बोट लागलं आणि आतलं उघडलं, असं मी नंतर सगळ्यांना सांगितलं. खरं म्हणजे लावलं.

तीन दिवसांपूर्वीचा निरोप होता. अब्बा, हे फोनवर बोलता येणार नाही म्हणून लिहिते. आमचं दोघांचं जमत नाही, आता जमणारही नाही. कोणाची चूक ते विचारू नका. मी हिबाला घेऊन कायमची परत येते आहे. तुमच्याकडे येऊ का? लोक काय म्हणतील ते मला माहीत आहे, ते तुम्हाला ऐकावं लागेल हेही. तुम्हाला नको असेल तर काही लिहू नका, मी समजून घेईन, मुंब्र्याला मैत्रिणीकडे उतरेन आणि पुन्हा हा विषय काढणार नाही. शुक्रवारी इथल्या घराची चावी द्यायची आहे.

मी वाचत असतानाच त्या ओळींखालच्या दोन खुणा तिकडे निळ्या झाल्या असणार. कुवेतमध्ये एका खोलीत बसलेल्या मुलीला कळलं असणार की अब्बांनी वाचलं. वाचलं, आणि काही लिहिलं नाही.

मी फोन जिथल्या तिथे, त्याच कोनात ठेवला. मग मी काय केलं? मांडवीला गेलो. चाचांच्या फाटकापर्यंत जाऊन वळलो आणि येताना अर्धा किलो बांगडे आणले. संध्याकाळी पुन्हा गेलो, या वेळी जेट्टीपर्यंत, आणि येताना कोलंबी. पाण्यावर धुरकट उजेड होता, क्षितिज कुठे आहे ते दिसत नव्हतं, आणि मला तेवढ्यात असंही वाटून गेलं की हे सगळं त्या धुरकटातच राहील, कोणी विचारणार नाही. गुरुवारी सकाळी तिसऱ्यांदा मासे घेऊन आलो तेव्हा मंगलने पिशवी खाली ठेवली आणि म्हणाली, "काय झालंय?"

मी म्हटलं, मला सांगता येत नाही, शपथ आहे. आलं होतं हेदेखील सांगायचं नाही असं लिहून दिलंय.

"बाकीच्यांना सांगायची नाही, अशी शपथ आहे ती," मंगल म्हणाली. "ज्याचं त्यालाच सांगायचं नाही अशी शपथ कधी कोणी घेतो का? तुम्ही उघडलंत ते सांगायची लाज वाटते, एवढंच."

माझ्या बायकोने सही का केली नव्हती, ते मला तेव्हा नीट कळलं.

मी गेलो. चाचा पायरीवर बसून विटकरीचं झाकण उघडून त्यात फुंकर मारत होते. मी उभ्यानेच सांगितलं. पूल तुटलाय, माझ्यामुळे. निरोप आलाय. मी तो वाचला.

ते माझ्याकडे बघत नव्हते, पण ते तर कधीच बघत नसत. मजकूर काय, हे त्यांनी विचारलं नाही. विचारलं ते हे, की कधीचा आणि मी उघडला कधी. म्हटलं, रविवारचा. उघडला काल, सव्वाबाराला. त्यांनी खिशातली पेन्सिल काढली, वहीत दोन्ही वेळा लिहिल्या, आणि वहीवरच हात ठेवून बसले.

"म्हणजे कालपासून तिला वाटतंय, मी वाचलं."

मी म्हटलं, हो.

"मी सहा दिवस गप्प बसलो होतो, सदा. तू एकच बसलास." ते उठले. "चल."

तीन वर्षांत ते आमच्या खिडकीपाशी पहिल्यांदा आले. मी म्हटलं, चाचा, पूल पुन्हा जोडायला किती वेळ लागेल? म्हणाले, पुलाला आता वेळ नाही. फोन त्यांनी स्वतः उचलला. उभ्या उभ्या निरोप वाचला. एकदा, मग पुन्हा एकदा, ओठ हलवत. माझ्या खुर्चीत बसले आणि विचारलं, हाक कुठून मारायची? मी बोटाने दाखवलं. ज्या माणसाने आयुष्यभर चार समुद्र ओलांडून हाका पोचवल्या, त्याचं बोट त्या गुळगुळीत काचेवर दोनदा घसरलं. तिसऱ्यांदा लागलं. लागलं ते व्हिडिओचं.

पलीकडून लगेच उचललं. नसीमचा आवाज घोगरा होता.

"अब्बा? तुम्ही दिसत नाही. पंखा दिसतोय."

चाचांनी फोन कानाला लावला होता, त्यांच्या नेहमीच्या डाव्या कानाला. मी पुढे होऊन तो त्यांच्या तोंडासमोर धरला. तीन वर्षांत मुलीने बापाचा बोलता चेहरा पाहिला नव्हता, आणि बापाने तिचा.

"ये," चाचा म्हणाले. "पोरीला घेऊन ये. खोली झाडून ठेवतो."

 मी मंगलकडे पाहिलं, मंगलने मानेनेच स्वयंपाकघराकडे खूण केली. आम्ही आत गेलो. पण आमचं घर लहान, बाहेरचा शब्द न् शब्द आत येतो. नसीम रडत होती आणि काहीतरी सांगायला लागली होती. तेव्हा जिने वाचणार नाही, सांगणार नाही असं कधी लिहून दिलं नव्हतं, त्या माझ्या बायकोने मिक्सर लावला. भांड्यात काही नव्हतं. रिकामा मिक्सर ती अर्धा तास फिरवत उभी राहिली, मध्ये गरम झाला म्हणून थांबवायची, पुन्हा लावायची. मी कोलंबी सोलत बसलो.

जाताना चाचांनी फोन पुन्हा खिडकीत ठेवला. म्हणाले, ती विमानात बसेपर्यंत राहू दे. मला त्या दिवशी रागावले नाहीत, पुढेही नाहीत. फक्त ते फुलस्केप मागून घेतलं, पेन्सिलने माझ्या सहीवर एक सरळ रेघ मारली आणि मला परत दिलं. नोकरीतून काढल्याची माझ्या आयुष्यातली ती एकच वेळ, आणि मला हलकं वाटलं.

नसीम आली. लोक जे बोलायचे ते बोलले. चाचांच्या पायरीवर येऊनही बोलले, चाचांनी सगळ्यांना पोच दिली आणि कोणाला उत्तर दिलं नाही. नसीमने शहरात एका दवाखान्यात काम धरलं. आमच्या खिडकीतला फोन चाचा एके दिवशी येऊन घेऊन गेले. त्यात एकच नंबर होता, आणि त्या नंबराची माणसं आता घरातच होती.

पुढच्या उन्हाळ्यात चाचा गेले, दुपारी, खुर्चीत. पण मला ते आठवतात ते त्याच्या आधीच्या हिवाळ्यातले. मी कचेरीतून येत होतो. मांडवीच्या जेट्टीच्या टोकाला दोघं पाठमोरी बसली होती, एक उंच आणि डावीकडे कललेला, एक आठेक वर्षांची, दोन वेण्यांची. समुद्र आणि आभाळ एकाच राखाडीत मिसळलं होतं, त्यामुळे ती दोघं कशावर बसली आहेत तेही नीट कळत नव्हतं. हिबा बोलत होती. दोन्ही हात हलवून, मध्ये उठून, पुन्हा बसून, काहीतरी फार मोठं सांगत होती. चाचांचा कान तिच्याकडे झुकला होता. वारा माझ्याकडून त्यांच्याकडे वाहत होता, त्यामुळे एकही शब्द माझ्यापर्यंत पोचत नव्हता.

चार पावलं पुढे गेलो असतो तर ऐकू आलं असतं. मी तिथूनच घराकडे वळलो.